रोहतांगच्या बाराशे मोटारी

दिल्लीतल्या मराठी घरांत एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-नागपूरकडचे पाहुणे येऊ लागले की त्यांच्या बेतात लाल किल्ला आणि ताजमहाल यांच्या जोडीला मनाली असतेच, आणि मनालीपुढे दोनदा रेघ ओढलेले रोहतांग. मुलांना बर्फ दाखवायचा असतो. सरकारी अधिकाऱ्याच्या घरी उतरलेल्या पाहुण्यांची आणखी एक माफक अपेक्षा असते: रोहतांगचा परवाना ‘आपल्या ओळखीने’ मिळावा. कुल्लू जिल्हा प्रशासनाचे संकेतस्थळ सर्वांना सारखेच उघडते, हे माझे ठरलेले उत्तर त्यांना पटत नाही. मग अधिकारी होऊन उपयोग काय, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. असो. परंतु हा परवाना कोणी व का सुरू केला आणि त्याने नेमके काय साधले, याचा विचार प्रशासन आणि अर्थशास्त्र या दोन्ही अंगांनी करण्याजोगा आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. मर्यादा घालणे योग्यच होते. पण ती ज्या जागी घातली ती जागा २०२० नंतर अपुरी ठरली, आणि ज्या दरीवर आता भार पडतो आहे तिच्या हाती त्या प्रमाणात ना पैसा आला, ना अधिकार.

रोहतांग हे पर्यटकांच्या भाषेतले ‘पॉइंट’ नव्हे, ती खिंड आहे. समुद्रसपाटीपासून ३,९७८ मीटर उंचीवरची. दक्षिणेला कुल्लूची दरी, देवदारांची आणि सफरचंदांची, पावसाळ्यात ओलीचिंब होणारी. उत्तरेला लाहौल, पर्जन्यछायेतले, कोरडे, उघड्या डोंगरांचे. खिंडीपाशी बियास उगम पावते आणि दक्षिणेकडे निघते. पलीकडच्या उतारावरचे पाणी चंद्रा नदीला मिळते, तांदी येथे चंद्रेत भागा मिसळते आणि पुढे तीच नदी चिनाब होते. महाबळेश्वरी कृष्णा पूर्वेला आणि सावित्री पश्चिमेला जाते, हे पाहिलेल्या माणसाला या भूगोलाचे अप्रूप अधिक वाटावे. मढीच्या वर झाडे संपतात, उरते ते केवळ कुरण. जुलै-ऑगस्टमध्ये ते फुलांनी भरते, आणि गद्दी मेंढपाळ आपले कळप घेऊन लाहौलच्या चराईकडे जातात. आपल्याकडच्या धनगरांच्या वाटा जशा पावसाच्या मागेपुढे चालतात, तशा यांच्या वाटा बर्फाच्या मागेपुढे चालतात.

लोकव्युत्पत्ती ‘रोहतांग’ या नावाचा अर्थ ‘प्रेतांचा ढीग’ असा सांगते. भाषाशास्त्राच्या कसोटीला ती उतरो वा न उतरो, अनुभवाच्या कसोटीला उतरते. व्हाइसरॉय लॉर्ड एल्गिन १८६३ च्या ऑक्टोबरात ही खिंड चढून पलीकडे गेले, चंद्रेवरचा झुलता पूल ओलांडताना त्यांच्या हृदयाला ताण असह्य झाला, आणि २० नोव्हेंबर १८६३ रोजी धर्मशाळा येथे त्यांचा मृत्यू झाला. हिंदुस्थानचा सर्वोच्च प्रशासक दौऱ्यावर असताना एका खिंडीपुढे हरला, याची नोंद आम्हा दौरेबाज मंडळींनी ठेवायला हरकत नाही. सामान्य लाहौली माणसाला मात्र दौरा टाळण्याची मुभा नव्हती. साधारण नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत खिंड बंद, आणि तेवढे दिवस लाहौल जगापासून तुटलेले. हेलिकॉप्टरच्या मोजक्या जागांत ज्याचा नंबर लागला नाही तो बर्फातून पायी निघे. अशांसाठी मढी आणि कोकसर येथे हिवाळ्यात बचाव चौक्या बसवल्या जात.

खिंड ओलांडण्यासाठी असते. रोहतांगला जाणारा बहुतांश पर्यटक ती ओलांडतच नाही. तो माथ्यावर पोहोचतो, भाड्याचा कोट आणि बूट घालून बर्फात दोन तास काढतो, छायाचित्रे घेतो आणि आलेल्या वाटेने परत फिरतो. आर्थिकदृष्ट्या हा भेद मोलाचा आहे. आपल्या नाणेघाटात माथ्यावर जो दगडी रांजण आहे तो जकातीचा, असे परंपरेने सांगतात. कोकणातून जुन्नरकडे जाणारा व्यापारी खिंडीचा उपयोग करून घेई आणि त्या उपयोगाचे मोल देई. त्याला घाटमाथ्यावर थांबायचे नव्हते, पुढे जायचे होते. रोहतांगच्या पर्यटकाला खिंडीतच थांबायचे असते. त्याला वाट नको आहे, तिथला बर्फ हवा आहे. आणि बर्फ ही अशी वस्तू आहे की ती पाहायला येणाऱ्याच्या मोटारीनेच काळवंडते. डिझेलच्या धुरातली काजळी बर्फावर बसली की पांढरा पृष्ठभाग ऊन परतवण्याऐवजी शोषू लागतो आणि लवकर वितळतो.

याच मुद्द्यावरून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने, ज्याला आपली वृत्तपत्रे हरित लवाद म्हणतात, स्वतःहून हे प्रकरण हाती घेतले. त्याचे प्रधान पीठ दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या फरीदकोट हाउसमध्ये आहे. ६ फेब्रुवारी २०१४ रोजी न्यायमूर्ती स्वतंत्र कुमार यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने निर्णय दिला. जो प्रदूषण करील त्याने मोल द्यावे, हे तत्त्व पर्यटकाला लावून वाहनांवर शुल्क बसवण्यास सांगितले, आणि ती रक्कम त्याच परिसराच्या संरक्षणावर खर्च व्हावी असे म्हटले. त्यानंतरच्या आदेशांतून मोटारींची दैनिक मर्यादा आली. ती १,२०० वर स्थिरावली: ८०० पेट्रोलच्या आणि ४०० डिझेलच्या. दहा वर्षांपेक्षा जुन्या वाहनांना मज्जाव झाला. परवान्याचे ५०० रुपये आणि गर्दीशुल्काचे ५० रुपये असा आकार ठरला. मंगळवारी देखभालीसाठी पर्यटकांना बंदी. जे खरोखर खिंड ओलांडून लाहौलला वा लेहला जात त्यांना पर्यटकांच्या परवान्याच्या शुल्कातून वगळले गेले. थांबणारा आणि ओलांडणारा हा वर सांगितलेला भेद व्यवस्थेने इथे अचूक ओळखला होता.

किंमत वाढवावी की संख्या बांधावी, हा अर्थशास्त्रातला जुना वाद आहे. मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ साली या प्रश्नाची जी मांडणी केली ती आम्हाला एम.ए.ला होती. तिचे सार साध्या मराठीत असे: एका टप्प्यानंतर हानी झपाट्याने वाढत असेल आणि उलटवता येत नसेल तर संख्या बांधणे शहाणपणाचे, हानी सावकाश वाढत असेल तर किंमत लावून लोकांवर सोडावे. रोहतांगचा बर्फ पहिल्या वर्गात मोडतो. म्हणून मर्यादा घातली हे मला मान्य आहे, आणि ती कोणा मंत्रालयाने न घालता न्यायाधिकरणाने घातली, याचे वैषम्यही मला फारसे वाटत नाही. निवडणूक लढवणाऱ्या माणसाने मनालीच्या टॅक्सीवाल्यांना ‘उद्यापासून बाराशेच’ असे सांगावे ही अपेक्षा भाबडी आहे.

पण संख्या बांधली की दुर्मीळता निर्माण होते, आणि दुर्मीळतेचे मोल कोणाच्या तरी खिशात जातेच. दिल्लीहून मनाली पाचशे किलोमीटरच्या वर आहे. एवढ्या प्रवासाचे इंधन, दोन रात्रींचे हॉटेल, जेवणखाण यांच्या हिशेबात साडेपाचशे रुपये ही रक्कम दखल घेण्याजोगी नाही. ज्या वस्तूला लोक पाच-सात हजार द्यायला तयार आहेत ती साडेपाचशेला वाटायची म्हटले की मधला फरक परवाना ज्याच्या हाती पडला त्याचा होतो. तो सरकारकडे येत नाही, बर्फाकडे तर नाहीच. माझ्या पाहुण्यांचा फोन हा त्याच फरकाचा एक घरगुती आविष्कार. शिवाय मोजली गेली ती मोटार, माणूस नव्हे. दोघे बसलेली मोठी डिझेल गाडी आणि सातजण कोंबलेली टॅक्सी यांची परवान्यात एकच किंमत. इंधनाप्रमाणे केलेली ८०० आणि ४०० ही वाटणीही २०१५ च्या डिझेलसाठी समर्पक होती. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-सहा मानके लागू झाल्यानंतर तिचा फेरविचार व्हायला हवा.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी आहे. जुलै २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने रोहतांग, सोलंग आणि मढी या भागातले व्यावसायिक व्यवहार थांबवले: घोडे, बर्फावरच्या स्कूटर, पॅराग्लायडिंग, ढाबे. पुढे सोलंगपुरती काही शिथिलता मिळाली. आता पाहा. दिल्लीच्या गाडीवाल्याला त्या मोसमात परवाना मिळाला नाही तर तो दुसरीकडे गेला. त्याचे नुकसान एका सहलीचे. घोडेवाल्याचे आणि कोट-बूट भाड्याने देणाऱ्या बाईचे नुकसान वर्षाच्या कमाईचे, कारण तिथली कमाई दोन-तीन महिन्यांचीच असते. मोल प्रदूषण करणाऱ्याने द्यावे असे निकालात लिहिले गेले. प्रत्यक्षात मोठा वाटा त्याला सेवा पुरवणाऱ्याने दिला. माथेरानची गोष्ट आठवावी. तिथे मोटारींना दस्तुरी नाक्याच्या पुढे मज्जाव आहे, आणि तो असावाच. पण त्या मोटारबंदीचे ओझे वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांनी शब्दशः अंगावर वाहिले, आणि माणसाने माणसाला ओढणे सहा महिन्यांत थांबवा असे सांगायला २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाला मध्ये यावे लागले. पर्यावरणाच्या आदेशात ‘कोणाचे पोट यावर आहे’ असा एक रकाना सक्तीचा असावा, असे माझे फार दिवसांचे मत आहे. पर्यावरणवादी मित्रांना ते आवडत नाही.

३ ऑक्टोबर २०२० रोजी अटल बोगदा खुला झाला. नऊ किलोमीटरांहून किंचित लांब, तीन हजार मीटरांच्या वर, रोहतांगच्या पोटातून जाणारा. त्याचा विचार वाजपेयी पंतप्रधान असताना २००० साली जाहीर झाला, कोनशिला २०१० मध्ये बसली, आणि सीमा रस्ते संघटनेने तो पूर्णत्वाला नेला. मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरांनी आणि प्रवासाचा वेळ चार-पाच तासांनी कमी झाला. सैन्यासाठी त्याचे महत्त्व सांगायला नको. मला अधिक महत्त्वाचे वाटते ते लाहौलसाठी. जानेवारीत बाळंतपण अडलेली बाई कुल्लूच्या रुग्णालयात पोहोचू शकते, मटार आणि फ्लॉवर वेळेवर मंडीत जातात, मनालीत शिकायला ठेवलेले पोर सुटीत घरी येते. या बोगद्याविरुद्ध बोलण्याचा अधिकार दिल्लीत बसून हिमालय शांत राहावा अशी इच्छा करणाऱ्या कोणालाही नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो.

परंतु बोगद्याने परवान्याच्या व्यवस्थेला वळसा घातला. परवाना आहे तो खिंडीचा. बोगद्यातून जाणाऱ्याला तो लागत नाही. मनालीहून निघालेला पर्यटक आता खिंड न चढता बोगद्यातून थेट सिस्सूला उतरतो, आणि हिवाळ्यात बर्फ तिथे दारातच असतो. २४ डिसेंबर २०२३ रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी, एका दिवसात २८,२१० वाहने या बोगद्यातून गेल्याचे हिमाचल पोलिसांनी सांगितले. यांतली सगळी पर्यटकांची नव्हेत हे मान्य केले तरी खिंडीवरच्या बाराशेच्या ती जवळजवळ साडेतेवीसपट होतात. लाहौल-स्पिती जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे १३,८०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या पावणेचारपट. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३१,५६४. सबंध जिल्ह्यात जितकी माणसे, जवळपास तितक्या मोटारी एका दिवसात त्याच्या उंबरठ्यावरून गेल्या. त्याच दिवसांत कोणी वाहतुकीची कोंडी चुकवण्यासाठी आपली जीप थेट चंद्रा नदीच्या पात्रात घातली, त्याची चित्रफीत देशभर फिरली आणि पोलिसांनी दंड केला. नदीत गाडी घालणाऱ्याला दंड करता येतो. उरलेल्या हजारो गाड्या कायद्याने वागतच होत्या.

म्हणजे माथ्यावरचा बर्फ आपण मोजून राखला आणि गर्दी हजार मीटर खाली, वस्तीत, शेतांच्या आणि पाण्याच्या पाटांच्या शेजारी नेऊन सोडली. यात दोष कोणा एकाचा नाही. न्यायाधिकरणापुढे प्रश्न होता तो खिंडीचा, त्यांनी खिंडीचे उत्तर दिले. परवाने देते ते कुल्लूचे प्रशासन, कारण चढण त्यांच्या जिल्ह्यात. बोगदा सीमा रस्ते संघटनेचा. त्याचे दक्षिण तोंड कुल्लूत, उत्तर तोंड लाहौलमध्ये. कचरा, शौचालये, वाहनतळ आणि बर्फात घसरलेल्या गाड्या यांची जबाबदारी केलांगच्या प्रशासनावर आणि सिस्सू-कोकसरसारख्या पंचायतींवर. आमच्या शासनव्यवस्थेत जिल्ह्याची हद्द बहुधा पाणलोटाच्या रेषेवरून जाते, आणि गर्दी नेमकी त्या रेषेवरून जात नाही.

स्वित्झर्लंडने या दुखण्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. गोटहार्डचा सुमारे सतरा किलोमीटरांचा रस्ताबोगदा १९८० साली खुला झाला आणि आल्प्सच्या दऱ्यांतून मालमोटारींचा लोंढा वाहू लागला. १९९४ मध्ये तिथल्या मतदारांनी, केंद्र सरकारचा विरोध असताना, आल्प्समधून आरपार जाणाऱ्या रस्त्यांची क्षमता वाढवायची नाही अशी तरतूद थेट राज्यघटनेत घातली. २००१ पासून अवजड वाहनांवर अंतर, वजन आणि धूर यांच्या प्रमाणात शुल्क लागले. त्या उत्पन्नाचा सुमारे एकतृतीयांश भाग कँटनांना, म्हणजे तिथल्या राज्यांना, मिळतो. उरलेला केंद्राकडे राहतो आणि त्याचा मोठा हिस्सा रेल्वेवर खर्च झाला. ५७ किलोमीटरांचा गोटहार्डचा रेल्वेबोगदा २०१६ मध्ये सुरू झाला, त्याला या पैशाचा मोठा हातभार होता. तो देश श्रीमंत आहे, हे खरे. परंतु मला इथे अनुकरणीय वाटते ती श्रीमंती नव्हे, वाटणी. ज्याच्या अंगणातून वाहतूक जाते त्याचा हिस्सा कायद्याने ठरलेला आहे, कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही.

त्याच देशातल्या ट्योर्बेल नावाच्या पहाडी गावाचे उदाहरण एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी प्रसिद्ध केले. त्यांना २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. या गावाचा १५१७ सालचा नियम असा की हिवाळ्यात जितक्या गाई आपण स्वतः पोसू शकतो त्याहून अधिक कोणी उन्हाळ्यात सामाईक कुरणावर पाठवू नयेत. सामाईक साधनसंपत्तीचा विनाश अटळ असतो असे १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी मांडले, आणि त्यावर आमच्या पिढीतल्या अधिकाऱ्यांची अशी श्रद्धा बसली की सरकारने ताबा घेतल्याखेरीज काही टिकतच नाही. ऑस्ट्रॉम यांनी दाखवले की ज्यांचे जगणे त्यावर आहे तेच पुष्कळदा नियम उत्तम बनवतात, आणि मोडणाऱ्याला लवकर पकडतातही.

हे लाहौलमध्ये शक्य आहे काय? कायद्याने तर नक्कीच. लाहौल-स्पिती हा पाचव्या अनुसूचीतला प्रदेश आहे आणि १९९६ चा पेसा कायदा तिथे लागू होतो. गावाच्या साधनसंपत्तीविषयी ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार आहे. तो आम्ही बहुधा सह्या घेण्यापुरता वापरतो. उदाहरण दूर शोधायला नको. अलीकडच्या हिवाळ्यांत सिस्सू भागातल्या लोकांनी हालडा आणि पुणा या सणांच्या दिवसांत, जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, पर्यटनाचे व्यवहार बंद ठेवले. दिल्लीकर पर्यटकाला ती अडवणूक वाटली असेल. मला तो ट्योर्बेलच्या जातीचा निर्णय वाटतो: ऐन बर्फाच्या मोसमातले आपले उत्पन्न बुडवून घेतलेला.

माझ्या मते करायचे ते एवढे. शुल्क खिंडीचे न ठेवता सबंध परिसराचे करावे. ते मनालीच्या वरच, एकाच ठिकाणी घ्यावे आणि बोगद्याने जाणाऱ्या पर्यटकालाही लावावे. लाहौलचा रहिवासी, मालमोटार, लेहचा प्रवासी आणि सैन्य यांना त्यातून पूर्ण सूट द्यावी. नाताळ आणि मे महिन्यातल्या शनिवार-रविवारी दर चौपट असावा, पावसाळ्यानंतरच्या मंगळवारी-बुधवारी नाममात्र. श्रीमंतच बर्फ पाहतील, या आक्षेपाला उत्तर बस हे आहे. हिमाचल परिवहन महामंडळाने २०१७ मध्ये या मार्गावर विजेवरची बस आणलीच होती. त्या बसचे तिकीट स्वस्त ठेवावे आणि परवान्याचा पैसा त्यासाठी वापरावा. आमच्या कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत रोजची संख्या बांधलेली असते, आधी नोंदणी करावी लागते, आणि गर्दी सांभाळायला आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीची माणसे उभी असतात. गावाला रोजगार मिळतो, म्हणून फूल तोडणाऱ्यावर गावाची नजर असते. साताऱ्यात जे जमले ते सिस्सूत जमू नये असे कारण दिसत नाही.

आणि उत्पन्नाचा एकतृतीयांश भाग उत्तरेकडच्या ग्रामसभांच्या खात्यात थेट, दर महिन्याला जमा व्हावा. राज्याच्या एकत्रित निधीत जाऊन, मागणीपत्रे फिरून, मार्चअखेर परत येणारा पैसा बर्फ पडण्यापूर्वी शौचालय बांधू शकत नाही. लाहौलमध्ये बांधकामाचा मोसम ऑक्टोबरात संपतो, आणि आमचे आर्थिक वर्ष या गोष्टीची दखल घेत नाही.